अकरावा नंबर, आणि एका दिवसात झालेलं नाव

मागच्या अंकात 1911 च्या पहिल्या इंडियानापोलिस 500 रेसबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की त्या दिवशी पहिली आली मार्मन कंपनीची गाडी पण नशीब उघडलं ते अकराव्या आलेल्या स्टट्झ या अमेरिकन गाडीचं. बस्स, त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आलेत की हा अख्खा कॉलम स्टट्झलाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी टायर प्रेशर आणि मायलेजबद्दल विचारलंय त्यांनी या वेळी सांभाळून घ्या.

प्रश्न: अकराव्या आलेल्या गाडीची जाहिरात कोण करतं हो? आमच्याकडे दुसरा आलेला मुलगासुद्धा तोंड लपवून बसतो. तुम्ही नक्की चेष्टा करत नव्हता ना?

अजिबात नाही. आधी तो दिवस डोळ्यासमोर आणा. 30 मे 1911, अडीच मैलांचा ट्रॅक, त्याला दोनशे चकरा म्हणजे 500 मैल, आपल्या हिशोबाने 805 किलोमीटर. आधी हा ट्रॅक खडी आणि डांबराचा होता, तो 1909 मध्येच उखडला, माणसं मेली, मग त्यावर 32 लाख विटा बसवल्या. त्या विटांवर 40 गाड्या एकदम सुटल्या. टायर फुटतायत, सगळीकडे तेलाचा धूर, कुणाचं स्टिअरिंग तुटतंय, आणि दिवसाच्या शेवटी अधिकृतपणे पूर्ण 500 मैल मोजून झाले फक्त बारा गाड्यांचे.

त्यात अकरावी आली स्टट्झ, ड्रायव्हर गिल अँडरसन, जन्माने नॉर्वेचा. मार्मनवाल्या रे हारूनला 6 तास 42 मिनिटं लागली, अँडरसनला 7 तास 22 मिनिटं, म्हणजे तब्बल चाळीस मिनिटं मागे. पण गंमत इथेच आहे. या गाडीला सात तासांत एकही रिपेअर लागलं नाही. थांबली ती टायर बदलायला आणि पेट्रोल भरायला. आणि ही गाडी कारखान्यातून थेट रेसला आलेली, त्या मेकची ती पहिलीच गाडी, तिच्यामागे ना कुठल्या आधीच्या रेस ना नाव.

आता 1911 चा गिऱ्हाईक काय विचार करत होता ते बघा. त्याला ताशी 120 किलोमीटरने पळायचं नव्हतंच, तसे रस्ते होते कुठे. त्याला एकच भीती, की गावाबाहेर गेल्यावर ही बया बंद पडली तर काय करायचं. त्याला जर कळलं की एक गाडी 805 किलोमीटर फुल स्पीडने पळाली आणि पाना हातात घ्यावा लागला नाही, तर तो नंबर बघतच नाही. कंपनीने हे बरोब्बर हेरलं आणि घोषवाक्य काढलं, 'एका दिवसात नाव काढलेली गाडी'. आणि त्याच रेसच्या गाडीच्या जवळपास नकला करून विकायला सुरुवात केली. माझ्या मते जाहिरातीच्या इतिहासात अकराव्या नंबरचं एवढं सोनं दुसऱ्या कुणी केलं नसेल.

प्रश्न: हा स्टट्झ कोण? आणि पाच आठवड्यांत गाडी बनवली असं वाचलंय, हे खरं मानायचं का?

हॅरी स्टट्झ. 1876 चा जन्म, ओहायो राज्यातल्या अँसोनियाजवळच्या शेतावरचा पोरगा, शेतीची अवजारं दुरुस्त करता करता यंत्राचा नाद लागलेला. वीस-एकवीसचा असताना जुनंपानं सामान जोडून पहिली गाडी बनवली, मग नोकऱ्या करत करत इंडियानापोलिसला येऊन पोचला. आज मोटारींचं शहर म्हटलं की डेट्रॉईट डोळ्यासमोर येतं, पण त्या काळात इंडियानापोलिससुद्धा तितक्याच तोऱ्यात होतं, मार्मन तिथली, नॅशनल तिथली, नंतर ड्यूसेनबर्गही तिथेच आली. स्पीडवे, म्हणजे हा रेसचा ट्रॅक, तिथे बांधला तोच मुळी या स्थानिक कंपन्यांना गाड्या टेस्ट करायला जागा हवी म्हणून.

पाच आठवड्यांची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि मला ती पटते, कारण स्टट्झने सगळं शून्यापासून केलंच नव्हतं. इंजिन विस्कॉन्सिन नावाच्या इंजिन बनवणाऱ्या कंपनीकडून तयार घेतलेलं. आणि गाडीतला जो अवघड भाग, तो याच्याकडे आधीच होता. 1910 मध्ये त्याने पार्ट्सची कंपनी काढली होती आणि तिचा मुख्य माल म्हणजे ट्रान्सअ‍ॅक्सल. म्हणजे काय, तर गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे न लावता थेट मागच्या अ‍ॅक्सललाच जोडायचा, दोन्ही एकाच खोक्यात. फायदा असा की वजन पुढेमागे नीट वाटलं जातं. तोटा असा की मागचा अ‍ॅक्सल जड होतो आणि खड्ड्यात तेवढं सगळं वजन उडतं. आज बऱ्याच भारी स्पोर्ट्‌स कारमध्ये ट्रान्सअ‍ॅक्सल असतो आणि लोक ते फार मॉडर्न समजतात, असो.

तर 500 मैलांची ती रेस म्हणजे एका अर्थी या पार्टचीच जाहिरात होती. गाडी बनवणारी कंपनी वेगळ्या नावाने होती, आयडियल मोटर कार कंपनी, आणि 1913 मध्ये दोन्ही एकत्र करून स्टट्झ मोटर कार कंपनी केली.

प्रश्न: बेअरकॅट की मर्सर? तुमच्यासमोर दोन्ही उभ्या केल्या आणि एकच चावी घ्यायला सांगितली तर?

चावी कसली, हँडल मारावं लागतं!

स्टट्झचं बेअरकॅट मॉडेल भारी की मर्सर कंपनीची गाडी, हा वाद शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि तेव्हा अमेरिकेतली कॉलेजची पोरं यावरून एकमेकांना चिडवायची. स्टट्झवाले म्हणायचे मर्सरपेक्षा 'वर्सर' गाडी जगात नाही, मर्सरवाले म्हणायचे स्टट्झ चालवायची तर माणूस 'नट्स'च पाहिजे, म्हणजे डोक्यावर पडलेला. यमक जुळलं की झालं, बाकी तथ्य कोण बघतंय. आणि योगायोग बघा, 1911 च्या रेसमध्ये अकरावी स्टट्झ आणि तिच्या मागोमाग बारावी आली ती मर्सर. भांडण तिथूनच लागलं असं म्हणायला हरकत नाही.

बेअरकॅट 1912 मध्ये आली, किंमत 2000 डॉलर, आणि त्याच वेळी फोर्डची मॉडेल टी 700 डॉलरच्या आत मिळत होती, म्हणजे एका बेअरकॅटच्या पैशात जवळपास तीन मॉडेल टी. त्या पैशात मिळायचं काय? दोन सीट. त्यामागे आडवी गोल पेट्रोलची टाकी. दरवाजे नाहीत, छप्पर नाही, काच म्हणाल तर ड्रायव्हरच्या तोंडासमोर स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेली एक गोल काच, एका डोळ्याच्या चष्म्यासारखी. शेजारी बसलेल्याने धूळ, किडे आणि पाऊस थेट तोंडावर घ्यायचा. स्टिअरिंग उजव्या बाजूला, गिअरचा आणि हँडब्रेकचा दांडा त्याच्याही उजवीकडे. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. क्लच इतका कडक की त्यावरून विनोद चालायचे.

इंजिन चार सिलेंडरचं, 6.4 लिटर, 60 हॉर्सपॉवर. हसू नका, आज 1 लिटरच्या टर्बो इंजिनातून याच्या दुप्पट निघते हे मलाही माहितीये. पण हे इंजिन 1500 आरपीएमच्या आसपासच आपली सगळी ताकद द्यायचं, घाईच नाही कसली. याला टी-हेड म्हणतात कारण सिलेंडरच्या एका बाजूला आत घेणारे व्हॉल्व्ह आणि दुसऱ्या बाजूला बाहेर सोडणारे, समोरून कापून बघितलं तर इंग्रजी टी दिसतो, आणि त्यासाठी दोन्हीकडे एकेक कॅमशाफ्ट.

मर्सर न्यू जर्सीतल्या ट्रेंटनची. तिचं मॉडेल रेसअबाउट, इंजिनने लहान, 4.9 लिटर, पण अंगाने हलकी आणि वळणावर जास्त चपळ, आणि कंपनी लेखी हमी द्यायची की ही गाडी एक मैल 51 सेकंदांत जाईल, म्हणजे ताशी 113 किलोमीटर. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल बॉडीच्या बाहेर असायचं, पाय बाहेर काढून चालवा! या कंपनीच्या मागे रोब्लिंग घराणं होतं, ब्रुकलिन ब्रिजवालं, आणि त्यातला वॉशिंग्टन रोब्लिंग दुसरा हा तरुण मुलगा, जो मर्सरच्या कामात सगळ्यात रस घ्यायचा, तो 1912 मध्ये टायटॅनिकच्या अपघातात गेला. त्यानंतर 1914 मध्ये सांता मोनिकाला एडी पुलनने अमेरिकन ग्रँड प्राइझ मर्सरवर जिंकली, ती रेस जिंकणारी पहिली अमेरिकन गाडी.

तर माझं उत्तर, चालवायला मर्सर, घरी परत यायचं असेल तर बेअरकॅट.

प्रश्न: जुन्या फोटोत रेसच्या गाडीत दोन माणसं दिसतात. दुसरा काय करायचा? उगाच वजन नाही का?

तो रायडिंग मेकॅनिक. हाताने पंप मारून टाकीतलं प्रेशर टिकवायचं, तेलाकडे लक्ष ठेवायचं, टायर झिजतोय का बघायचं, मागून कोण येतंय ते ड्रायव्हरला खांद्यावर थापटी मारून सांगायचं. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. 1911 मध्ये हारून एकटाच बसला आणि मागचं दिसायला आरसा लावला, तर बाकीच्यांनी तक्रार केली की हा धोका आहे.

पण स्टट्झच्या मेकॅनिकचा किस्सा सांगायलाच हवा. 1913 ची इंडियानापोलिस 500. चार्ली मर्झ स्टट्झ घेऊन तिसऱ्या नंबरवर, शेवटची चक्कर, आणि गाडीने पेट घेतला. इंजिनाकडून ज्वाळा. कुणीही शहाणा माणूस बाजूला घेऊन उडी मारेल. मर्झने पाय उचललाच नाही. आणि शेजारचा मेकॅनिक हॅरी मार्टिन, तो सीटवरून उठून चालत्या गाडीच्या बॉनेटवर रांगत पुढे गेला, बॉनेटचे चामड्याचे पट्टे सोडायला, म्हणजे थांबल्या थांबल्या ते उघडून आग विझवता येईल. ना हेल्मेट, ना बेल्ट, ना आग न लागणारे कपडे, ताशी शंभरच्या वर जाणारी जळती गाडी आणि त्यावर पालथा पडलेला माणूस. तशाच अवस्थेत त्यांनी रेषा ओलांडली आणि तिसरा नंबर घेतला. पहिली आली फ्रान्सची पूजो, दुसरी मर्सर. बघा, पुन्हा शेजारी शेजारी.

तेव्हा मेकॅनिक म्हणजे वजन नव्हे. ड्रायव्हरचं नाव पेपरात यायचं, याचं क्वचितच, आणि अपघातात दोघंही सारखेच मरायचे.

प्रश्न: 'कधीच पहिली न आलेली गाडी' असंच म्हणायचं मग स्टट्झला?

नाही नाही, थांबा. इंडियानापोलिस 500 जिंकली नाही एवढंच खरं. बाकी अमेरिकेत तिने धुमाकूळ घातला होता. 1912 मध्ये त्याच रेसमध्ये चौथी आणि सहावी. 1913 मध्ये अर्ल कूपरने पश्चिम किनाऱ्यावर एकामागून एक रेस मारल्या, त्यातली कोरोनाची रेस मला फार आवडते कारण कॅलिफोर्नियातल्या त्या गावाला वर्तुळाकार रस्ता आहे, अख्ख्या गावाभोवती गोल, गावालाच प्रदक्षिणा घालायची. कूपर 1913, 1915 आणि 1917 असा तीनदा राष्ट्रीय चॅम्पियन झाला, तिन्ही वेळा स्टट्झवर. 1914 मध्ये इंडियानापोलिसला पहिल्या चारही फ्रेंच गाड्या आल्या, दोन डलाज, दोन पूजो, आणि पाचवा आला बार्नी ओल्डफील्ड स्टट्झमध्ये, म्हणजे अमेरिकन गाड्यांत पहिला. त्याच वर्षी त्याने लॉस एंजेलिस ते फिनिक्स ही वाळवंटातली चिखलमातीची रेसही याच मेकवर जिंकली.

त्या चार फ्रेंच गाड्यांनी स्टट्झचे डोळे उघडले असावेत. टी-हेडचा जमाना संपला हे स्पष्ट दिसत होतं, फ्रेंचांकडे वरून चालणारे कॅमशाफ्ट आणि सिलेंडरला चार चार व्हॉल्व्ह. मग 1915 साठी स्टट्झने विस्कॉन्सिनकडून खास रेसचं इंजिन करून घेतलं, चार सिलेंडर, सोळा व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट डोक्यावर, 300 क्युबिक इंचांच्या नव्या मर्यादेत बसणारं म्हणजे 4.9 लिटरच्या खाली. गाड्या पांढऱ्या रंगवल्या, टीमचे कपडे पांढरे, आणि लोक त्यांना म्हणायला लागले व्हाइट स्क्वाड्रन. इंडियानापोलिसला हाउडी विलकॉक्स सगळ्यात फास्ट क्वालिफाय झाला, ताशी 98.9 मैल. रेस मात्र राल्फ डीपाल्माच्या मर्सिडीजने नेली, स्टट्झ तिसरी, चौथी आणि सातवी. म्हणजे पुन्हा तेच, तीन गाड्या निघाल्या आणि तिन्ही पोचल्या.

मग सप्टेंबरमध्ये मिनियापोलिसचा नवा सिमेंटचा ट्रॅक, 500 मैल, त्या ट्रॅकच्या खडबडीतपणाने माणसांची हाडं खिळखिळी झाली, आणि शेवटी पहिला कूपर, दुसरा अँडरसन, दोघंही स्टट्झ, दोघांत फरक पाव सेकंदाच्या आसपास. पाचशे मैल पळून पाव सेकंद! आता हे खरंच झुंजले की मालकाने सांगितलं म्हणून शेजारी शेजारी आणल्या, हा संशय घ्यायला जागा आहे आणि मी तो घेतो. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कजवळ शीप्सहेड बे इथे लाकडी फळ्यांच्या ट्रॅकवर अ‍ॅस्टर कप, 350 मैल, आणि तिथे पहिला आला आपला अकराव्या नंबरवाला गिल अँडरसन, सरासरी ताशी 102.6 मैल. दुसरा टॉम रूनी, तोही स्टट्झच.

आणि मग स्टट्झने रेसिंग बंद केलं. वर्ष संपलं, टीम मोडली. ज्या वर्षी एवढं जिंकले त्याच वर्षी दुकान बंद. कारण उघड आहे, रेस म्हणजे पैसे खाणारं काम आणि गाड्या तर तोवर धडाधड विकल्या जात होत्या. कूपरचा 1917 चा किताब आला तो त्या जुन्या पांढऱ्या गाडीवर, कंपनीची टीम नसताना.

प्रश्न: 'कॅननबॉल' हे नाव तोफेच्या गोळ्यावरून आलं का? स्टट्झशी काही संबंध?

माणसावरून आलं आणि माणसाला ते एका ट्रेनवरून मिळालं. अर्विन बेकर हा दांडगा गडी, मोटरसायकलवर अमेरिका आडवी पार केल्यावर न्यूयॉर्कच्या एका पत्रकाराने त्याला कॅननबॉल नावाच्या रेल्वेगाडीची उपमा दिली आणि ते नाव चिकटलं. 1915 मध्ये त्याने बेअरकॅट घेऊन सॅन दिएगो ते न्यूयॉर्क केलं, 11 दिवस 7 तास 15 मिनिटं. आज विमानाने पाच तास लागतात म्हणून नाक मुरडू नका, तेव्हा त्या वाटेवर शेकडो मैल नुसती माती होती, पाऊस पडला की चाकं बुडायची, आणि पेट्रोल कुठे मिळेल ते आधी ठरवून ठेवावं लागायचं. पुढच्याच वर्षी त्याने कॅडिलॅक घेऊन तोच देश साडेसात दिवसांत ओलांडला, म्हणजे निष्ठा वगैरे काही नाही, जो पैसे देईल त्याची गाडी.

प्रश्न: एवढं नाव असताना कंपनी बुडाली कशी? शेअरबाजारात काहीतरी घोळ झाला होता म्हणे.

घोळ म्हणजे असा घोळ की त्यावर वेगळा कॉलम होईल. 1916 मध्ये कंपनी न्यूयॉर्क शेअरबाजारात गेली आणि अ‍ॅलन रायन नावाचा एक बडा खेळाडू, कोट्यधीश बापाचा पोरगा, तिचा मालक झाला. हॅरी स्टट्झ 1919 मध्ये बाहेर पडला.

1920 च्या सुरुवातीला शेअर 100 डॉलरच्या आसपास होता. तो चढायला लागला. मंदीवाल्यांना वाटलं हा फुगा आहे, त्यांनी शॉर्ट करायला घेतलं. शॉर्ट म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेजाऱ्याची सायकल उसनी घ्यायची, आज महाग विकायची, उद्या स्वस्तात तशीच घेऊन परत करायची, मधला फायदा खिशात. आता हे कधी फसतं? बाजारातल्या सगळ्या सायकली एकाच माणसाकडे असतील तर. रायन शांतपणे सगळं घेत गेला, कर्ज काढून घेत गेला, आणि मंदीवाले जे शेअर उसने घेऊन विकत होते ते उसने देणारा आणि विकत घेणारा दोन्ही रायनच! मार्चच्या शेवटी भाव 391 डॉलरवर गेला आणि असा क्षण आला की जेवढे शेअर अस्तित्वातच होते त्यापेक्षा जास्त शेअर लोक रायनला देणं लागत होते. कुठून देणार?

यात बाजाराच्या आतली मोठी मंडळी अडकली होती असं रायनचं म्हणणं. मग बाजाराने काय केलं, स्टट्झची खरेदी-विक्रीच बंद करून टाकली. रायन म्हणाला मग प्रत्येक शेअरचे 750 द्या. शेवटी 550 वर तडजोड झाली. ऐकायला तो जिंकला. पण हातात राहिले ढीगभर शेअर, जे आता बाजारात विकता येत नव्हते, आणि डोक्यावर कर्ज. 1922 मध्ये तो दिवाळखोर झाला आणि कंपनी बेथलेहेम स्टीलवाल्या चार्ल्स श्वाब आणि मंडळींच्या हातात गेली. या सगळ्या भानगडीत नवीन मॉडेल काढायचं कुणाला सुचणार? आपल्याला आवडणाऱ्या गाड्या बऱ्याचदा इंजिनामुळे नाही, अशा कागदांमुळे मरतात.

प्रश्न: स्टट्झ बाहेर पडल्यावर त्याने काय केलं?

स्वतःच्या आद्याक्षरांची एचसीएस नावाची कंपनी काढली, शिवाय आगीच्या बंबांची वेगळी. 1923 ची इंडियानापोलिस 500 टॉमी मिल्टनने एचसीएस स्पेशल नावाच्या गाडीवर जिंकली, त्यामुळे कागदोपत्री स्टट्झ साहेबांना ती रेस अखेर मिळाली असं म्हणता येईल, पण गाडी होती हॅरी मिलरने बनवलेली, नाव फक्त यांचं. एचसीएस काही फार चालली नाही. 1930 मध्ये अपेंडिक्स फुटून ते गेले, वय 53.

प्रश्न: ले मांसचा इतिहास वाचताना 1928 मध्ये स्टट्झ दुसरी आली असं दिसलं. ही तीच स्टट्झ? मग ती संपली नव्हती तर!

तीच, आणि प्रश्न पाठवल्याबद्दल आभार, कारण मला हे सांगायचंच होतं.

1925 मध्ये फ्रेड मॉस्कोविक्स नावाचा बुडापेस्टला जन्मलेला इंजिनिअर कंपनीचा प्रेसिडेंट झाला आणि त्याने बेअरकॅटवाली दांडगट प्रतिमाच फेकून दिली. 1926 ला नवी स्टट्झ आली, आठ सिलेंडर एका ओळीत, वरून चालणारा कॅमशाफ्ट, आणि मागच्या अ‍ॅक्सलला वर्म ड्राइव्ह. वर्म म्हणजे स्क्रूसारखा गिअर, तो खालून लावला की प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, खाली जातो, मग गाडीचा फ्लोअर खाली, मग सगळी गाडीच बसकी. उलटण्याची भीती कमी. काचेत बारीक तारा घातल्या की फुटली तरी तुकडे उडू नयेत. जाहिरातीत नाव दिलं 'सेफ्टी स्टट्झ'. ज्या कंपनीच्या गाडीला दहा वर्षांपूर्वी दरवाजे नव्हते तिने हे म्हणावं!

1928 हे वर्ष मात्र विचित्र गेलं. एप्रिलमध्ये इंडियानापोलिसला एक पैज लागली, चार्ल्स वेमन या बॉडी बनवणाऱ्या माणसाची हिस्पानो-सुइझा विरुद्ध मॉस्कोविक्सची स्टट्झ, 24 तास, 25,000 डॉलर. स्टट्झचं इंजिन दमलं, रिपेअरमध्ये वेळ गेला, हिस्पानो जिंकली. आणि त्याच महिन्यात 25 तारखेला डेटोनाच्या वाळूवर फ्रँक लॉकहार्ट गेला. पंचविशीतला पोरगा, 1926 चा इंडियानापोलिस विजेता, त्याने स्टट्झच्या मदतीने ब्लॅक हॉक नावाची गाडी बनवली होती जगातला स्पीडचा रेकॉर्ड मोडायला. बाकीचे लोक विमानांची अजस्र इंजिनं लावत होते, एकाने तर तीन लावली होती, आणि याच्याकडे दोन लहान मिलर इंजिनं जोडून केलेलं 3 लिटरचं सोळा सिलेंडर. ताशी 200 मैलांच्या वर गेला होता तो. टायर फाटला आणि गाडी वाळूवर उलटत गेली.

मग जूनमध्ये ले मांस, फ्रान्समधली 24 तासांची रेस. आता ऐका, स्टट्झ उतरवली कुणी? त्याच वेमनने, ज्याने पैज जिंकली होती. हरलेली गाडी त्याला आवडली असणार. ड्रायव्हर रोबेर ब्लॉक आणि एदुआर ब्रिसाँ, दोघं फ्रेंच. समोर बेंटलीची टीम. रात्रभर ही एकटी स्टट्झ बेंटलींना झुंजवत राहिली, मधे पुढेही होती. पहाटेनंतर लढत उरली ती बर्नाटो आणि रूबिनच्या बेंटलीशी. शेवटी शेवटी स्टट्झचा टॉप गिअर गेला, आणि इकडे बेंटलीची फ्रेम तडकली होती, रेडिएटरमधलं पाणी जात होतं, दोन्ही गाड्या मरायला टेकलेल्या आणि दोघींनाही फक्त घड्याळात चार वाजायला हवे होते. वाजले. बेंटली पहिली, स्टट्झ दुसरी, साधारण एका चकरेचा फरक. गिअर राहिला असता तर, हा प्रश्न गाडीवेडे लोक आजही घालतात. 1966 मध्ये फोर्ड जिंकेपर्यंत ले मांसमध्ये कुठल्याही अमेरिकन गाडीला याच्या वर जाता आलं नाही, 38 वर्षं.

त्यानंतर मंदी आली. 1931 ला सिलेंडरला चार व्हॉल्व्ह असलेलं बत्तीस व्हॉल्व्हचं इंजिन काढलं, बेअरकॅट नाव परत आणलं, पण श्रीमंतच उरले नव्हते घ्यायला. तीसच्या दशकाच्या मध्याला गाड्या थांबल्या. शेवटी शेवटी ही कंपनी दारोदार माल पोचवायच्या डबा व्हॅन बनवत होती.

प्रश्न: एल्विस प्रेस्लीकडे स्टट्झ होती ना? मग 1971 ची कशी?

नाव तेच, बाकी काही नाही. 1968 मध्ये कुणीतरी नाव पुन्हा सुरू केलं, खाली पाँटियाक या दुसऱ्याच अमेरिकन मेकची गाडी, वर इटलीत ठोकून बनवलेली बॉडी, आत सोनेरी मुलामा. एल्विसला आवडली, मला नाही.

प्रश्न: त्या जुन्या रेसमधलं आज काहीतरी वापरात आहे का, म्युझियमच्या बाहेर?

आहे की. 1915 ला गिल अँडरसनने शीप्सहेड बेला जिंकलेला तो अ‍ॅस्टर कप, चांदीचा, तो नंतर कित्येक वर्षं असाच पडून होता. 2011 पासून अमेरिकेतल्या इंडीकार या मोटार रेसच्या सीरिजच्या चॅम्पियनला दरवर्षी तोच कप देतात. पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी तो डोक्यावर उचलताना दिसला तर बघा, पहिल्यांदा तो उचलणारा माणूस चार वर्षं आधी एका कोऱ्या गाडीतून चाळीस मिनिटं उशिरा पोचला होता.